रद्द झालेला गोल आणि परतीची बस

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी आमचे हे काळा शर्ट, काळी हाफ पँट आणि गुडघ्यापर्यंतचे काळे मोजे घालून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "येतो मी." मी भंडाऱ्याहून नुकतीच भिलाईत आले होते. मुलगा स्टील प्लांटमध्ये क्लार्क आहे, सुपारीसुद्धा खात नाही, हुडको कॉलनीत घर मिळालंय, एवढं मला सांगितलं होतं. मुलगा फुटबॉलचा रेफ्री आहे हे कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी हे नाणेफेकीचं नाणं घरीच विसरले. बसच्या कंडक्टरकडून मागून घेतलं, आणि मध्यंतरात कंडक्टर ते परत मागायला थेट मैदानात आला. लोक हसले. संध्याकाळी हे मला ती गोष्ट मोठ्या मजेनं सांगत होते, पण मला काही मजा वाटली नाही. पुढच्या रविवारपासून रेफ्रीची बॅग मी भरू लागले. कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवला: शिट्टी, जास्तीची शिट्टी, नाणं, घड्याळ, कार्डं, टॉवेल, लिंबू, मीठ, सुटे पैसे. आणि एकदा बॅग माझ्या हातात आल्यावर तिच्यामागे मीही जाऊ लागले.

आमच्याकडे सायकल होती, पण सामन्याला सायकलनं जायचं नाही हा यांचा नियम. "रेफ्रीनं सायकल हाणत गेलं का पाय तिथंच संपते. मंग मैदानात काय, हात पळवू?" म्हणून बस. भिलाईत बसचं वेळापत्रक कुठं लिहिलेलं नसे, ते प्लांटच्या शिफ्टवर चालायचं. शिफ्ट सुटायच्या सुमाराला बसमध्ये पाय ठेवायला जागा नसे. शिफ्ट आत गेली की त्याच बसमध्ये पाय पसरून बसता येई, फक्त ती बस यायला हवी. रविवारी तर ती ड्रायव्हरच्या मनावर. मी महिनाभरात सगळं पाठ केलं. कुठल्या मैदानाला टेम्पोनं जायचं, कुठं रेल्वेच्या पुलावरून उतरून चालत गेलं तर लवकर पोचतो, कुठल्या स्टॉपवर चहावाल्याला विचारलं की बस गेली की यायची आहे ते खरं कळतं.

बसमधला यांचा दुसरा नियम मला जास्त छळायचा. दोन्ही टीम बहुतेक वेळा आमच्याच बसनं यायच्या. टीमजवळ स्वतःची गाडी असणं त्या काळात कोणाला माहीतच नव्हतं. हे बसमध्ये दिसले की कप्तान लोक मोठ्या प्रेमानं म्हणायचे, "आइये रेफ्री साब, बैठिये." हे बसायचे नाहीत. एका टीमजवळ बसलं की दुसरीला वाटतं, हा त्यांचा. तिकीट कोणाला काढू द्यायचे नाहीत, भुईमुगाच्या फल्लीचा एक दाणा घ्यायचे नाहीत, बोलायचे नाहीत. ड्रायव्हरच्या मागच्या दांड्याला धरून, समोर रस्त्याकडे बघत, जाताना उभे आणि येताना उभे. फल्ली मीही घ्यायची नाही असा हुकूम होता. गरम फल्लीचा पुडा नाकासमोरून जायचा आणि मी खिडकीबाहेर बघायची.

आता मुद्द्याचं. यांना वरच्या श्रेणीची पंचपरीक्षा द्यायची होती. लेखी परीक्षा पास झाली होती. राहिली होती ती मैदानावरची: बाहेरगावचा परीक्षक येणार, एक अख्खा सामना बघणार आणि अहवाल भोपाळला, तेव्हाच्या आमच्या राजधानीला, पाठवणार. आमच्या लग्नाआधीच्या वर्षी परीक्षक आला होता, पण बस पॉवर हाऊसच्या स्टॉपपाशी बंद पडली. हे उरलेलं अंतर पळत गेले. पोचले तेव्हा मैदानात दुसऱ्याच कोणाची शिट्टी वाजत होती आणि परीक्षक निघून गेला होता. परीक्षेला वयाची अट असे. हे त्या अटीच्या काठावर आले होते, म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. पास झाले तर जबलपूर, इंदूर, भोपाळ अशा मोठ्या मैदानांवर बोलावणं येणार. नाही तर जन्मभर कॉलनीच्या टीमा आणि कंडक्टरचं नाणं.

मी एकदा विचारलं होतं, "एवढं काय आहे हो त्यात?"

हे म्हणाले, "ऑफिसात मी बोललो तर कोनी मान वर करून पाहत नाई. मैदानात मी शिट्टी वाजवली का बावीस जन थांबते."

पुन्हा मी ते विचारलं नाही.

परीक्षेला सामना मिळाला तो फायनलचा, खुर्सीपारच्या मैदानावर. एक टीम रसमड्याच्या कारखान्यांतल्या कामगारांची. दुसरी टीम नेमकी आमच्या हुडकोची. कप्तान आमच्या मागच्याच ओळीत राहणारा. प्लांटच्या मिलमध्ये कामाला, मूळचा चंद्रपूरकडचा, यांना भाऊ आणि मला वहिनी म्हणणारा. त्याची आई माझ्याकडून विरजण न्यायची.

त्या दिवशी मी यांना जेवण उतरायच्या आत बाहेर काढलं. हुडकोहून सुपेला चौकापर्यंत टेम्पो. तिथून दुर्गकडून येणारी खुर्सीपारची बस. पहिली आली तीच पकडली. आत रसमड्याची टीम आधीच बसली होती. आमच्या मागोमाग हुडकोची टीम चढली. हे नेमाप्रमाणे ड्रायव्हरच्या मागे उभे. कंडक्टर तोच, नाणंवाला. मला बघून म्हणाला, "भाभीजी, आज सिक्का रखे हो न?"

एकच जागा होती, एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या शेजारी. पांढरं धोतर, काळा कोट, हातात थर्मास. मी बसले. बॅग मांडीवर मावेना, कारण त्या दिवशी मी सगळ्याच गोष्टी दोन-दोन घेतल्या होत्या. मी त्यांना हिंदीत म्हटलं, "बाबूजी, जरा ये बॅग पकडेंगे? सीधी पकडिये, इसमें नींबू पानी है." त्यांनी मुकाट्यानं धरली. मग मी यांच्याकडे मान वर करून आपल्या भाषेत सुरू झाले. मोठ्यानंच, कारण बसचा आवाज मोठा होता आणि आजूबाजूला कोणाला मराठी येतंय असं मला वाटलं नाही.

"आयका. तो परीक्षक कोनी खडूस मातारा असन. त्याच्याकडं पाहूच नका. पाहिलं का तुमचे हात थरथरते, मले मालूम आहे."

हे समोर बघत म्हणाले, "हळू बोल."

"कावून हळू? कोनाले समजून राहिलं इथं? अन् त्यानं मान हलवली तरी तुमी आपलं तुमच्या मनानंच करा. मागच्या खेपेले पळून पळून बी हुकलं, दोन दिवस जेवले नाई म्हने. तुमची बहीण सांगत होती."

शेजारचे गृहस्थ खिडकीबाहेर बघत होते. बॅग अगदी सरळ धरली होती.

खुर्सीपारला बस मैदानाच्या कडेलाच थांबायची, एका गोलपोस्टच्या मागे. तिथून ती वळायची. रस्ता अरुंद, त्यामुळे ड्रायव्हर गाडी मागे घ्यायचा आणि कंडक्टर खाली उतरून मागच्या बाजूला उभा राहून तोंडातल्या शिट्टीनं त्याला वाट दाखवायचा. छोट्या छोट्या शिट्ट्या म्हणजे येऊ दे. एक लांब, जोरकस शिट्टी म्हणजे थांब. बाकी दिवसभर त्या शिट्टीकडे कोणाचं लक्षही नसे.

मी बायकांच्या घोळक्यात, पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर जागा धरली. समोर आयोजकांनी खुर्च्या मांडल्या होत्या. मधल्या खुर्चीवर धोतर-कोटातले गृहस्थ येऊन बसले, थर्मास पायाशी ठेवला आणि गुडघ्यावर कागद ठेवला. शेजारच्या बाईनं सांगितलं, "वो परीक्षा लेने आए हैं, राजनांदगांव से." मी पदर डोक्यावरून थोडा पुढे ओढला. निदान त्यांना मराठी येत नाही, अशी स्वतःची समजूत घातली.

सामना चांगला झाला. मला खेळातलं त्या वेळी फार कळत नव्हतं. मी फक्त यांचे पाय बघायची. पाय बरोबर पळत होते. बॉल जिथं जाईल तिथं हे चार पावलांवर हजर. गोल मात्र कोणाचाच होईना. मध्यंतर झालं, लिंबू संपलं, पुन्हा खेळ सुरू झाला आणि आमची बस दुर्गची फेरी मारून परत आली.

हुडकोचा कप्तान बॉल घेऊन नेमका बसच्या बाजूच्या गोलकडे निघाला होता. समोर रसमड्याचे दोन जण आणि गोली. गोलमागे बस उलटी येतेय, कंडक्टर छोट्या छोट्या शिट्ट्या फुंकतोय. मग त्यानं ती लांब, जोरकस शिट्टी मारली.

बस थांबली. रसमड्याचे दोघंही थांबले. गोलीनं तर हात खाली सोडले आणि तोंड फिरवून बसकडे बघू लागला. फक्त आमचा कप्तान थांबला नाही. त्यानं बॉल आरामात जाळ्यात घातला आणि दोन्ही हात वर करून हुडकोच्या लोकांकडे धावत सुटला.

सगळं मैदान ओरडलं. त्या ओरडण्यात यांनी शिट्टी वाजवली, हात आडवे हलवले आणि बॉल मागवला. गोल नाही. बाहेरच्या शिट्टीनं खेळाडू फसले, तर तिथंच खेळ थांबवून बॉल दोघांच्या मध्ये जमिनीवर टाकायचा आणि खेळ पुन्हा सुरू करायचा, हा नियम मला नंतर कळला. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की हुडकोची सगळी टीम यांच्याभोवती गोळा झाली आहे आणि त्यांच्या मध्ये हे काळ्या कपड्यांत, हात मागे बांधून उभे आहेत. परीक्षकाकडे एकदाही बघत नाहीत.

"भाऊ, हे काय करून राहिले?" कप्तानाचा आवाज ओट्यापर्यंत आला. "आपल्याच गल्लीचा गोल खाता?"

हे काहीतरी हळू बोलले. बॉल टाकला. खेळ पुढे सुरू झाला. आणि व्हायचं तेच झालं. अखेरीला रसमड्यानं कॉर्नरवरून डोक्यानं गोल केला आणि कप त्यांनी नेला.

परतायला रविवारी एकच थेट बस, ती तिथंच उभी होती. ड्रायव्हर आणि कंडक्टर टपावर बसून उरलेला सामना बघून खाली उतरले होते. तिच्यात कोण कोण चढलं ते सांगते: कप घेऊन रसमड्याची टीम, गोल गेलेली हुडकोची टीम, ज्याच्या शिट्टीनं तो गेला तो कंडक्टर, ज्याच्या शिट्टीनं तो रद्द झाला ते आमचे हे, दुर्गला रेल्वे पकडणारे परीक्षक आणि मी. जागा पुन्हा त्यांच्याच शेजारी मिळाली. त्यांनी न सांगता बॅग मांडीवर घेतली.

कप इंजिनाच्या झाकणावर ठेवला होता. रसमड्याचे लोक सीट बडवून गात होते. हुडकोवाले पॉवर हाऊस येईपर्यंत गप्प होते. मग कप्तानानं सुरुवात केली.

"ओ कंडक्टर भैया, मॅच तो तुमने हरवा दी."

कंडक्टर तिकिटाची पेटी सावरत वळला आणि छत्तीसगढीत म्हणाला, "मैं तो गाडी ल रोके रहेंव भाई, मॅच ल नइ रोके रहेंव!"

बस हसली. रसमड्याचा गोली मागून म्हणाला, "सीटी बजी तो मैं रुक गया. और क्या, प्लांट का भोंगा बजने की राह देखता?"

"अरे, रेफ्री की सीटी अलग, बस की सीटी अलग," कप्तान उठून उभा राहिला. "जिसका ध्यान अपने काम पे है वो कभी नहीं फसेगा. उस्ताद से पूछ लो. ओ उस्ताद! रेफ्री सीटी मारेगा तो तुम गाडी रोकोगे क्या?"

"मेरे को पागल कुत्ते ने काटा है?" ड्रायव्हर आरशात बघत म्हणाला. "अपने कंडक्टर की सीटी मैं नींद में पहचानता हूं."

"सुन लिया? बोला भाऊ आता!"

हे बोलले नाहीत. बसमध्ये बोलायचं नाही हा नियम. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. त्यांनी समोरचा रस्ता नीट बघितला. बस बाजाराच्या गर्दीतून हळू चालली होती, पुढे बरीच जागा मोकळी होती. यांनी गळ्यातली दोरी ओढली, शिट्टी ओठांत धरली आणि एक लांब, जोरकस फुंकर मारली.

ड्रायव्हरच्या पायानं त्याला विचारलंच नाही. बस जागच्या जागी थांबली. उभे होते ते बसलेल्यांच्या अंगावर, बसलेले पुढच्या सीटच्या पाठीवर, कंडक्टरची पेटी माझ्या पायावर, थर्मासच्या झाकणातला चहा परीक्षकांच्या धोतरावर. जिंकलेला कप इंजिनाच्या झाकणावरून पुढच्या पत्र्यावर आपटून खाली पडला आणि खणखणत सगळ्यांच्या पायांतून मागे गेला.

ड्रायव्हरनं मान मागे वळवली आणि रोजच्या आवाजात विचारलं, "कौन उतर रहा है?"

मग जी काय बस फुटली! रसमडा, हुडको असं काही उरलंच नाही. कंडक्टर दांड्याला लटकून हसत होता. ड्रायव्हरला काय झालं ते उशिरा कळलं आणि मग तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला. मागून गाड्या हॉर्न मारत होत्या, त्या मारू दे. कप घरंगळत नेमका आमच्या कप्तानाच्या पायाशी थांबला होता. त्यानं तो उचलून डोक्यावर धरला.

"घ्या! स्वतःच्या पायानं आला. आता आमचा!"

"वापस कर," रसमड्याचा गोली ओरडला. "सीटी के बाद वाला नहीं चलता!"

कप्तानानं त्याच्याकडे बघितलं, यांच्या पाठीकडे बघितलं आणि कप परत दिला. मग गोलीनंच फल्लीचा पुडा काढून त्याच्या पुढे धरला. पुडा हात बदलत बदलत बसभर फिरला. माझ्याजवळ आला तेव्हा मी यांच्याकडे पाहिलं. हे समोरच बघत होते, पण म्हणाले, "घे. मॅच संपली."

सुपेला चौक आला. मी उठले. परीक्षकांनी बॅग माझ्या हातात दिली. धोतरावरचा चहा पुसून त्यांचा रुमाल भिजला होता, आणि हसून डोळेही. स्वच्छ मराठीत ते म्हणाले, "बाई, ही बॅग लहान आहे. बाहेरगावी दोन-तीन दिवस मुक्काम करायचा म्हणजे मोठी लागेल. बघून ठेवा."

माझे पाय पायरीवर तसेच थांबले.

"मी मूळचा अमरावतीचा," ते म्हणाले. "आणि खडूस म्हाताऱ्याकडे यांनी शेवटपर्यंत पाहिलं नाही, हे फार चांगलं केलं."

कंडक्टरनं शिट्टी मारली, बस निघून गेली. चौकात टेम्पोची वाट बघताना यांनी विचारलं, "काय म्हने ते?"

"मोठी बॅग घ्या म्हने. बाहेरगावी मुक्कामाले."

दुपारपासून उभे असलेले हे त्या चौकातल्या फूटपाथवर काळ्या कपड्यांनिशी खाली बसले. टेम्पोवाला विचारत होता, "भैया, जाना है कि नहीं?" हे मान हलवत होते, पण उठत नव्हते. शेवटी आमच्या मागोमाग उतरलेल्या कप्तानानं आणि त्याच्या टीममधल्या दोघांनी त्यांना हाताला धरून टेम्पोत बसवलं.

"भाऊ, चक्कर आली का?"

"नाई," हे म्हणाले. बसमधून उतरल्यामुळे आता बोलायला हरकत नव्हती. "चाला, घरी चहा पियाले चाला सारे."

सारे म्हणजे अख्खी टीम. माझ्याकडे दूध दोन माणसांचं. पण कप्तानाच्या आईनं पातेलंभर दूध पाठवलं, शेजारणीनं कप पाठवले, आणि आमच्या दोन खोल्यांत, गॅलरीत, जिन्याच्या पायऱ्यांवर हुडकोची हरलेली टीम बसून चहा प्याली. हे पलंगावर बसून बाहेरची शिट्टी, फसलेला खेळाडू, टाकलेला बॉल असं सगळं समजावून सांगत होते, आणि सगळे थांबून ऐकत होते. मैदानाबाहेरही लोक यांचं ऐकतात, हे मला तेव्हा दिसलं.

निघताना कप्तान दाराशी चप्पल शोधत म्हणाला, "चहा मस्त होता वहिनी. पण तो गोलच होता."

भोपाळहून पत्र आलं. मोठी बॅग घेतली, कपाटातला कागद दोन पानी झाला, आणि मी रेल्वेचं वेळापत्रक पाठ करायला घेतलं. जबलपूर पाहिलं, इंदूर पाहिलं. पण बाहेरगाव नसेल त्या रविवारी हे कॉलनीचे सामने घ्यायचेच, आणि आम्ही त्याच बसनं जायचो.

खुर्सीपारला मैदानावर खेळ चालू असला की कंडक्टर खाली उतरून आधी शिट्टी खिशात घालायचा. मग बसच्या मागच्या पत्र्यावर तळहातानं थापा मारत ड्रायव्हरला मागे बोलवायचा: हळू हळू थापा म्हणजे येऊ दे, एक दणका म्हणजे थांब. ड्रायव्हर थांबायचा, मान बाहेर काढून आधी मैदानात कोणी थांबलंय का ते बघायचा, आणि मगच इंजिन बंद करायचा.